‘फोर हंड्रेड’वर नोंदी नेताना

आयबीएमने १९८८ साली बाजारात आणलेल्या एएस/४०० या सर्व्हरचे नाव आजवर अनेकदा बदलले. त्याची कार्यप्रणाली आता ‘आयबीएम आय’ म्हणून ओळखली जाते. परंतु ब्रिटनमधील गोदामांच्या आणि कारखान्यांच्या कचेऱ्यांत जुनी मंडळी अजूनही त्याला ‘फोर हंड्रेड’च म्हणतात. टेबलावरच्या संगणकांतील माहिती या यंत्रावर चढविण्याचे काम काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. त्यात आमच्या हातून जी चूक घडली, ती याच क्षेत्रात उपजीविका करणाऱ्या वाचकांना सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

काम होते कामगारांच्या जादा तासांच्या नोंदींचे. दोन गोदामांतील पर्यवेक्षक त्या आपापल्या एक्सेलच्या फायलींत ठेवीत. आम्ही त्या सर्व सीएसव्ही स्वरूपात उतरविल्या, सर्व्हरवर पाठविल्या आणि ‘सीपीवायएफआरएमआयएमपीएफ’ या आज्ञेने (हे नाव जिभेवर बसायलाच महिना जातो!) डेटाबेसमध्ये भरल्या. पडद्यावर एकही त्रुटी उमटली नाही. ओळींची संख्या जुळली, तासांची एकूण बेरीजही जुळली. आम्ही निश्चिंत झालो.

पगाराच्या दिवशी रात्रपाळीचा एक कामगार आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या जादा तासांचे पैसे आलेच नव्हते, आणि घरभाडे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. एका गोदामाचे कामगार-क्रमांक पाच अंकी, आरंभी शून्ये असलेले. दुसऱ्याचे तीन अंकी. ‘००४१७’ ही संख्या आहे असे समजून एक्सेलने पुढची शून्ये गाळली होती, आणि ४१७ क्रमांकाचा माणूस दुसऱ्या गोदामात होताच. एकाचे श्रम दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले. एकूण बेरीज जुळणारच होती. माणसागणिक बेरीज करून पाहण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

या यंत्राची दुसरी खोच संकेतांची. टेबलावरच्या संगणकाच्या आस्की संकेतात रोमन ‘ए’ म्हणजे ६५, तर फोर हंड्रेडच्या एबसिडिक संकेतात १९३. रूपांतर यंत्रच करते. मात्र फायलीवर संकेताचा क्रमांक खरा नोंदलेला असावा लागतो. ६५५३५ असेल तर रूपांतर होतच नाही. अमेरिकी ३७ आणि ब्रिटिश २८५ या संकेतांत एकाच जागी अनुक्रमे डॉलर आणि पौंड बसतात. आमच्या चाचणीत पौंडांचे डॉलर झालेले दिसले. ते निदान दिसले तरी. देवनागरी नावे ठेवायची असतील तर रकाना युनिकोडचा, यूटीएफ-८ साठी १२०८ क्रमांकाचा, करावा आणि लांबी बेताने मोजावी. प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘गायकवाड’मध्ये चिन्हे सात, म्हणजे एकवीस बाइट, वीस बाइटांच्या रकान्यात हे साधे आडनाव मावत नाही.

पुढच्या खेपेस आम्ही क्रमांकाचा रकाना आरंभापासून मजकूर म्हणून घेतला, त्याला गोदामाचा संकेत जोडला, आणि प्रत्येक कामगाराच्या जुन्या-नव्या बेरजा शेजारी छापून पर्यवेक्षकांच्या सह्या घेतल्या. त्या कामगाराचे पैसे पुढच्या आठवड्यात मिळाले. त्यानंतर कित्येक महिने तो आपली पगारपावती आमच्याकडे तपासायला आणीत असे, आणि आम्हीही ती मुकाट्याने तपासून देत असू.