झडप कोणाची?

गेल्या आठवड्यात एका मित्राने किल्लीच्या जुडग्याला अडकवलेला एक चिमुकला रिमोट दाखवला. दोन बटणं. एक दाबलं की त्याची कॉर्व्हेट डरकाळी फोडणार, दुसरं दाबलं की गप्प. अजून बसवायचा होता. "अर्ध्या तासाचं काम आहे रे, तुझा जॅक घेऊन ये," म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याला राग आला. फोनवर वाद घालून काही निष्पन्न झालं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. (गाड्यांमधलं काही कळत नाही म्हणणाऱ्या मावश्या-काकूंनी लगेच पळून जाऊ नये. विषय गाडीचा कमी आणि शेजाराचा जास्त आहे.)

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. इंजिनातला जळका वायू सरळ धारेने बाहेर येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. प्रत्येक धक्का म्हणजे एक छोटा फटाका. सायलेन्सरचं काम हे फटाके आतल्या आत जिरवायचं. वायूला जितकं फिरवून, अडवून सोडाल तितका आवाज कमी, पण इंजिनाला तितकाच ढकलायचा त्रास जास्त. जोरकस गाड्यांच्या इंजिनियरांनी यावर तोडगा काढला तो झडपेचा. सायलेन्सरमध्ये दोन वाटा ठेवायच्या, एक वळणाची, एक सरळ. सरळ वाटेच्या तोंडाशी एक झडप. गाडी रमतगमत चालली असेल तेव्हा झडप बंद, म्हणजे वायू वळणाच्या वाटेने. पाय दाबला, इंजिन जोरात फिरू लागलं की झडप उघडी. कुठे बंद आणि कुठे उघडी हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो.

मित्राच्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये ही झडप इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालते. व्हॅक्यूम पोचला की बंद, तुटला की उघडी. म्हणजे काही बिघडलंच तर ती उघडी राहते, इंजिन गुदमरत नाही. उत्तम विचार. पण याच विचाराचा फायदा घेऊन लोक पूर्वी एक फ्यूजच उपटून ठेवायचे, की झडप कायमची उघडी. फुकटातलं काम. रिमोटवाला डबा ही त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती. झडपेच्या वायरचा कनेक्टर सोडवायचा, मध्ये हा डबा जोडायचा, वर प्लास्टिकच्या पट्ट्या आवळायच्या. ना वेल्डिंग, ना भोक पाडणं. उद्या नको वाटला तर काढून ठेवता येतो. कारागिरी म्हणून मला त्यात काहीही खोट दिसत नाही.

खोट आहे ती मालकाच्या युक्तिवादात. एकेक घेऊ.

पहिला, "पॉवर वाढते". २००८ सालच्या साध्या कॉर्व्हेटची ताकद कंपनीने दिली होती ४३० हॉर्सपॉवर, आणि झडपेचा एक्झॉस्ट घेतला तर ४३६. म्हणजे सगळा लाभ सहा घोड्यांचा. आणि हे सहा घोडे रिमोटशिवायही मिळतातच, कारण पाय पूर्ण दाबल्यावर कंपनीची झडप आपणहून उघडते! रिमोटने वेगळं काय मिळतं? सिग्नलला उभं असताना, गल्लीतून वीस मैलांच्या वेगाने जाताना, ड्राइव्हवेत गाडी गरम होताना झडप उघडी ठेवता येते. म्हणजे नेमकं तिथे, जिथे पॉवरचा काहीच उपयोग नाही. तेव्हा पॉवरचं नाव काढू नका. तुम्हाला आवाज हवाय, तर आवाज हवाय म्हणा.

दुसरा, "आवाज असला की लोक सावध होतात, अपघात टळतात". हे मोटरसायकलवाल्यांकडून उसनं आणलेलं वाक्य आहे. एक्झॉस्टचं तोंड मागे असतं, धोका बहुतेकदा पुढून येतो. आणि चार चाकं, चार दिवे, एक भोंगा असलेल्या गाडीला स्वतःची ओळख करून द्यायला आणखी काय हवं?

तिसरा, "पोलीस पकडत नाहीत". पकडतात हो. कॅलिफोर्नियात गाड्यांच्या एक्झॉस्टला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये बेकायदा बदललेल्या एक्झॉस्टचा दंड हजार डॉलरपर्यंत नेला. पण कायदा हा माझा मुद्दाच नाही. रिमोटचं कौतुक करताना मित्र काय म्हणाला ते ऐका. "पोलीस दिसला की दुसरं बटण दाबायचं." म्हणजे बंद करायचं बटण हाताशी आहे, ते कधी दाबावं हेही कळतं. फक्त ते पोलिसासाठी दाबायचं, भिंतीपलीकडच्या माणसासाठी नाही.

चौथा युक्तिवाद सगळ्यात जुना. "गाडी माझी, पैसे माझे." मान्य. सीट तुमची, चाकं तुमची, स्टिअरिंग तुमचं. पण त्या गाडीतली एकच वस्तू अशी आहे जी तुमच्यासाठी बनवलेलीच नाही. ती म्हणजे बंद झडप. उघडी झडप मालकासाठी, बंद झडप शेजाऱ्यासाठी. तुमच्या गाडीत शेजाऱ्याचा तेवढाच एक हिस्सा कंपनीने राखून ठेवला होता, आणि अर्ध्या तासात तुम्ही तोच बळकावताय.

ही माझी कविकल्पना नव्हे. इथे डेट्रॉइटच्या एका उपनगरात फोर्डच्या एका इंजिनियरने सकाळी आपली मस्टँग सुरू केली आणि शेजाऱ्याने पोलिसांना बोलावलं. तो माणूस चिडला नाही, कामाला लागला. २०१८ च्या मस्टँगमध्ये त्यातून एक सोय आली. अमुक ते अमुक वेळेत गाडी सुरू केली तर ती हळूच सुरू होणार, असं आधीच ठरवून ठेवता येतं. फोर्डने दिलेले आकडे असे, की सुरू होतानाचा आवाज ८२ डेसिबलवरून ७२ वर. दहाच कमी झाले असं वाटेल, पण डेसिबलचा हिशोब वेगळा असतो. दहा डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा एक दशांश, आणि कानाला आवाज साधारण निम्मा. या सोयीला फोर्डने नाव दिलं होतं 'चांगला शेजारी' अशा अर्थाचं. नाव ठेवणाऱ्याला विषय कळला होता!

आता कोणी म्हणेल, दिवसा वाजवली तर काय बिघडलं? या गावात बिघडतं. हे गाड्यांच्या कारखान्यांचं गाव. आमच्या रांगेतच रात्रपाळी करून सकाळी साडेसातला झोपणारी दोन घरं आहेत. तुमचा दिवस ती त्यांची रात्र असते. ज्यांच्या हातांनी गाड्या जोडल्या जातात, त्यांनाच त्या गाड्या झोपू देत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी शिफारस केली, की रात्री रस्त्यावरच्या वाहतुकीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा. आपल्या भारतातले २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियमही निवासी भागाला रात्री ४५ च देतात. मोजायच्या पद्धती वेगळ्या असतील, पण दोन्हीकडे हिशोब सरासरीचा. दहा सेकंदांची डरकाळी रात्रभराच्या सरासरीत कुठल्या कुठे विरून जाते. झोप मात्र सरासरीने मोडत नाही, एकदाच मोडते. पॅरिस परिसरातला आवाज मोजणाऱ्या ब्रुइपारिफ या संस्थेचा अंदाज असा, की सायलेन्सर काढलेली एकच स्कूटर रात्री शहर ओलांडून गेली तर दहा हजारांपर्यंत माणसं जागी करू शकते. एक माणूस, एक स्कूटर!

आणि मंडळी, हे आपल्या लोकांनी करावं याचं मला जास्त वाईट वाटतं. पुण्याला फोन केला की आपण काय ऐकतो? बुलेटवाल्यांनी वात आणलाय, विसर्जनाच्या डीजेने खिडक्यांच्या काचा थरथरतात. बदललेले सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची बातमी आली की आपण इथून टाळ्या वाजवतो. मग तीच बुलेट चार चाकं लावून, डॉलरमध्ये विकत घेऊन, आपल्याच दारात उभी राहिली की तिचं नाव 'पॅशन' कसं होतं?

मी आवाजाचा वैरी नाही. व्ही-८ इंजिनाचा आवाज मलाही आवडतो, आणि रेसट्रॅकवर झडप सताड उघडी टाकून हिंडणाऱ्याशी माझं भांडण नाही. हा डबा बसवूच नका असंही मी म्हणत नाही. उलट त्याचा एक फार चांगला उपयोग आहे. थंड गाडी सुरू केली की प्रदूषण रोखणारा कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिन पहिला मिनिटभर जास्त वेगाने फिरतं. म्हणजे सगळ्यात नकोसा आवाज ऐन दारात होतो. झडप बंद ठेवणारं बटण तिथे दाबता येईल. डबा असा लावावा, की गाडी सुरू होताना झडप बंदच असेल, आणि उघडायची तर दर वेळी मुद्दाम बटण दाबून, वस्ती मागे टाकल्यावर. कालची स्थिती लक्षात ठेवून आज पहाटे आपोआप डरकाळी फोडणारं यंत्र मात्र नको.

असा डबा कोणी बसवणार असेल तर जॅक माझा, खाली झोपून हात काळे करायलाही मी तयार. पण हे सांगितलं की बहुतेकांचा उत्साह मावळतो. मग कळतं की त्यांना आवाज ऐकायचाच नव्हता, तो दुसऱ्यांना ऐकवायचा होता.