नोंद मोबाईलवर जावी. हक्क मात्र कामगाराच्या हाती राहावा!



सिहोरा रोड हे जबलपूर-कटनी मार्गावरचे लहान स्थानक. इथून जबलपूर सुमारे ४० किलोमीटर. मोठे दुखणे आले की इथल्या गँगमनला, फाटकवाल्याला किंवा त्याच्या म्हाताऱ्या आईला जबलपूरची नाहीतर कटनीची गाडी धरावी लागते. एक दिवस मोडतो, रजा खर्ची पडते. म्हणूनच रेल्वेने रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणि तिथून मोबाईलवर आणल्या, तेव्हा आमच्या शाखेने त्याचे स्वागत केले. यंत्राला केवळ ते यंत्र आहे म्हणून विरोध करणे हे संघटनेचे धोरण असू शकत नाही. पण यंत्र कुणाच्या सोयीने चालणार, हा प्रश्न विचारणे हे संघटनेचे कर्तव्य आहे.

जुने दिवस आठवा. मेडिकल कार्ड म्हणजे कागदी पुस्तिका. पावसात भिजली, घडीवर फाटली, की नव्यासाठी अर्ज आणि फेऱ्या. बदली झाली की जुने केस-पेपर जुन्याच दवाखान्यात पडून राहायचे आणि नवा डॉक्टर पहिल्यापासून विचारायचा. आता कार्यरत आणि निवृत्त कर्मचाऱ्यांना व त्यांच्या आश्रितांना स्वतंत्र क्रमांकाचे ‘उमीद’ कार्ड मिळते. रेलटेल या रेल्वेच्याच कंपनीने ‘एचएमआयएस’ नावाची प्रणाली उभी केली आहे. तिच्या मोबाईल अ‍ॅपवर आपली नोंद घरबसल्या पाहता येते. मधुमेहाच्या रुग्णाला मागच्या तीन महिन्यांची साखर डॉक्टरपुढे ठेवता आली, तर उपचारात किती फरक पडतो हे सांगायला नको. हा फायदा खरा आहे. तो कुणी नाकारू नये.

मग अडते कुठे? मागच्या पावसाळ्यात आमच्या शाखेच्या कार्यालयात एक भगिनी आल्या. पती गँगमन होते, नोकरीत असतानाच वारले. त्यांचा फंड, ग्रॅच्युइटी, फॅमिली पेन्शन ही सर्व कागदपत्रे आम्हीच पूर्ण करून दिली होती. आता त्यांच्या मुलाने नवा मोबाईल आणून अ‍ॅप घातले होते. पण ते उघडत नव्हते. पाहतो तर नोंदवलेला नंबर दिवंगत पतीचा! रिचार्ज न केल्याने तो केव्हाच बंद पडलेला. ओटीपी जात होता, पण घ्यायला कुणी नव्हते. दोष दुसऱ्या कुणाचा काढू? सगळे कागद आम्हीच तपासले होते आणि मोबाईल नंबर बदलायचे आमच्याच लक्षात आले नव्हते. बाईंचा एकच प्रश्न होता, “भाऊ, नंबर मेला म्हणजे माझं कार्डही मेलं का?”

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. ज्या घरात एकच मोबाईल आहे, तिथे तो कमावत्याच्या खिशात असतो. लोको पायलटचे उदाहरण घ्या. इंजिनवर असताना त्याने स्वतःचा मोबाईल बंद ठेवायचा, हा सुरक्षेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण तो गाडीवर असताना पत्नीने मुलाला दवाखान्यात नेले आणि ओटीपी त्याच्याच बंद मोबाईलवर गेला, तर? मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी स्वतः अ‍ॅप वापरायला मुलाकडून शिकलो. मग ज्याला अक्षरओळखच जेमतेम आहे त्या वृद्ध पेन्शनरने कुणाच्या तोंडाकडे पाहायचे?

यंत्र बंद पडण्याचा प्रश्नही आहेच. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक, पण कित्येक दिवस तिथे नोंदी हाताने, कागदावर कराव्या लागल्या. राजधानीत हे घडते, तर खेड्यापाड्यातल्या लाइनीवर नेटवर्क नसणे यात नवल ते काय! जिथे कागद ठेवला आहे तिथेच अशा वेळी काम चालते. जिथे कागद मोडीत काढला, तिथे रोगी ताटकळतो.

आणि हे अ‍ॅप चालवणारेही कामगारच आहेत, हे विसरू नका. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी भगिनींनी ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाईल कमी क्षमतेचे आणि पोषण ट्रॅकरचे अ‍ॅप इंग्रजीत, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्यांचा विरोध कामाला नव्हता. दवाखान्यातली नर्स आणि फार्मासिस्ट यांनी रजिस्टरही लिहायचे आणि पडद्यावरही भरायचे, असे दुहेरी ओझे पडले तर खिडकीसमोरची रांग वाढेल. मग रोगी आणि कर्मचारी एकमेकांशी भांडतील आणि पदे न भरणारे नामानिराळे राहतील.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. इतर रोग्याची नोंद फक्त उपचाराच्या कामी येते; रेल्वे कामगाराच्या नोंदीवर त्याची नोकरी अवलंबून असते. ठरावीक मुदतीने आपली वैद्यकीय तपासणी होते. इंजिन चालवणाऱ्याला ‘ए-१’ हा सर्वांत कडक वर्ग लागतो. त्यात नापास झाला की पद सुटते. प्रवाशांच्या जिवासाठी ही तपासणी कडक हवीच, त्याबद्दल दुमत नाही. अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, हे संरक्षण अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० ने दिलेले आहे. पण झोप लागत नाही, मन थाऱ्यावर नाही, असे डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेले बोलणे उद्या कोणत्या साहेबाच्या पडद्यावर उघडेल, ही भीती बसली तर कामगार दुखणे लपवील. तो पदरचे पैसे मोडून बाहेरच्या डॉक्टरकडे जाईल आणि आजार अंगावर काढून ड्युटी करील. यात ना कामगाराचे भले, ना प्रवाशाचे.

सन २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरण्याची वाट मालकाला ठेवली आहे. आपल्याकडे तर मालकही रेल्वे आणि दवाखानाही रेल्वेचाच! म्हणून भिंत स्पष्ट आखून घेतली पाहिजे.

आमच्या शाखेच्या मागण्या अशा आहेत :

१. मोबाईल किंवा ओटीपी नाही म्हणून कोणत्याही कार्डधारकाला औषध वा उपचार नाकारता येणार नाही, असा लेखी आदेश प्रत्येक खिडकीवर हिंदीत व स्थानिक भाषेत लावावा.

२. मागेल त्याला औषधाच्या चिठ्ठीची व अहवालाची छापील प्रत विनामूल्य मिळावी.

३. आश्रितांना स्वतःचा नंबर नोंदवता यावा. कर्मचारी वारला तर हिशेबाच्या कागदांबरोबरच नंबर बदलून द्यावा.

४. उपचाराची नोंद आणि फिटनेसची नोंद वेगळी असावी. आपली नोंद कुणी व केव्हा उघडली, हे कामगाराला पाहता यावे.

५. नोंदी भरण्यासाठी वेगळे कर्मचारी नेमावेत.

मागण्या प्रशासनाकडे जातील, वाटाघाटी होतील. पण काही काम आपणच करायचे आहे. प्रत्येक शाखेने महिन्यातून एक दिवस कार्यालयात ठेवावा, तरुण साथींनी बसावे आणि पेन्शनर, विधवा भगिनी, दूरच्या फाटकांवरचे कर्मचारी यांचे नंबर तपासून द्यावेत. सिहोऱ्यात आम्ही हे सुरू केले आहे. त्या भगिनींचा नंबर बदलला गेला. अ‍ॅपवर स्वतःचे नाव दिसले तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचून घेतले.

नोंद कागदावर असो की मोबाईलवर, ती ज्याच्या शरीराची आहे त्याचीच आहे. एवढे एक तत्त्व पदरात पाडून घेण्यासाठी सर्वांनी एकजुटीने उभे राहावे, हीच विनंती.