नळ्या मोजल्या, पाणी कोण मोजणार?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पाण्याचा हिशेब करणारी दोन साधने शेतकऱ्याच्या मोबाइलवर आणि संगणकावर आणून ठेवली, त्यालाही आता काही वर्षे झाली. एकाचे नाव ‘फुले जल’, दुसऱ्याचे ‘फुले इरिगेशन शेड्युलर’. उन्हावाऱ्याने आज जमिनीतून आणि पानांतून किती मिलिमीटर पाणी ओढले, ते पहिले सांगते. दुसरे साधन, पीक कोणते, किती दिवसांचे, जमीन कशी, ठिबकची मांडणी कशी हे विचारते आणि मोटार किती वेळ चालवायची तो आकडा हातात देते. जागतिक बँक आणि केंद्र सरकार यांच्या पैशातून चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाने या कामाला बळ दिले. काम चांगले झाले, हे आधी मोकळेपणाने म्हणायला हवे. कारण पुढे जे म्हणायचे आहे ते त्या आकड्याचे शेताच्या वाटेवर काय होते, याबद्दल आहे.

या हिशेबाच्या पोटातले सूत्र हॉवर्ड पेनमन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये मांडले. १९६५ मध्ये जॉन माँटिथ यांनी त्यात पिकाच्या पानांतून वाफ बाहेर पडायला होणारा विरोध धरला, आणि १९९८ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने आपल्या ५६व्या सिंचन-पुस्तिकेत ते साऱ्या जगासाठी एकसारखे करून दिले. तापमान, आर्द्रता, ऊन, वारा आणि गावाची उंची एवढे सगळे त्यात घालावे लागते. बारा सेंटिमीटर उंचीचे, जोमाने वाढणारे हिरवे गवत कल्पून त्याची गरज काढायची आणि मग प्रत्येक पिकाच्या गुणांकाने ती गुणायची. पूर्वी हे उद्योग एम.टेक.च्या प्रबंधात चालत आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसत. शेतकऱ्यापर्यंत पोचे ते फक्त ‘जमिनीच्या मगदुरानुसार आठ ते दहा दिवसांनी पाणी द्यावे’ एवढे ठरीव वाक्य. मगदूर ओळखायचा कसा आणि आठ की दहा, हे ज्याचे त्याने पाहून घ्यायचे.

शेड्युलर जे करतो त्याचा एक नमुना हातानेच मांडून पाहू. पाच फुटी सरी, ऊस, दर ४० सेंटिमीटरला ताशी ४ लिटरचा ड्रिपर. एका ड्रिपरच्या वाट्याला साधारण ०.६ चौरस मीटर जमीन येते, म्हणजे तासाला साडेसहा मिलिमीटर पाणी पडते. फेब्रुवारीत हवेची ओढ दिवसाला पाच मिलिमीटर धरली आणि भर वाढीतल्या उसाचा गुणांक सव्वा, तर रोजची गरज सव्वासहा मिलिमीटर. थोडे इकडेतिकडे धरून मोटार चालवायची तासभर. त्याच्यावर चालवलेला प्रत्येक तास म्हणजे एकरी सव्वीस हजार लिटर पाणी, आणि ते मुळांच्या खाली जाणारे. सोबत खत सोडलेले असेल तर तेही गेले.

प्रत्यक्षात प्रवरा-मुळेच्या पट्ट्यात ही मोटार तासभर चालत नाही. ती लाइट आहे तोवर चालते. थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि रात्री दोनला उठून विहिरीवर जाण्यापेक्षा (बिबट्याची भीती आहेच) माणूस स्टार्टरला ‘ऑटो’ लावून झोपतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू, गेली की बंद. एकाच वेळी शिवारातल्या साऱ्या मोटारी उठल्या की डीपी जळते, म्हणून महावितरण ‘ऑटो’ काढा म्हणून कानीकपाळी ओरडते. काढत कोणी नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. दिवसा खात्रीची वीज द्यायची म्हणून निघालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आरंभ याच नगर जिल्ह्यात राळेगणसिद्धीला झाला. शेड्युलरचा एक तास हा शेवटी त्या योजनेच्या यशावर टांगलेला आहे. विद्यापीठाच्या संगणकतज्ज्ञाला हे माहीत असते, पण फीडर त्याच्या हातात नसतो.

दुसरा प्रश्न आकडे भरण्याचा. नगर जिल्हा (कागदोपत्री आता अहिल्यानगर) क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीत पाऊस हजारांनी मोजायचा आणि कर्जत-श्रीगोंद्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास समाधान मानायचे. वाऱ्याचे आणि दमटपणाचे आकडे हाताशी नसले की अशी साधने हारग्रीव्हज यांच्या सोप्या सूत्रावर येतात. त्याला फक्त तापमान पुरते. सोय आहे, पण ज्या सुपे-खांडक्याच्या माळावर वाऱ्याचा जोर पाहून पवनचक्क्या उभ्या केल्या, तिथे वारा न धरणारे सूत्र पिकाची गरज कमी दाखवणार. आणि पावसाळ्यातल्या दमट अकोल्यात तेच सूत्र ती जास्त दाखवणार. एकाच जिल्ह्यात दोन्हीकडची चूक. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत, फळपीक विम्याचे दावे त्यांच्या आकड्यांवर ठरतात. तेच आकडे सिंचनाच्या हिशेबात रोज सकाळी आपणहून येऊन पडले पाहिजेत. शेतकऱ्याने वाऱ्याचा वेग टंकावा ही अपेक्षा करू नये.

जमिनीचेही तसेच. पठारावरची फूटभर मुरमाड जमीन पिकाला हाताशी तीसेक मिलिमीटर पाणी धरून ठेवते; निम्मे संपले की पाणी द्यायचे म्हटले तर दोन-तीन दिवसांत पाळी येते. मीटरभर खोल काळीत तोच हिशेब पंधरवड्यावर जातो. कालव्याच्या काठची काळी आपण पाणी पाजून पाजून चोपण करून ठेवली, ती हा फरक न मोजल्यामुळेच.

तिसरी गोष्ट मात्र संतापाची आहे. ठिबकचे अनुदान महाडीबीटीच्या पोर्टलवरून मिळते. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला खर्च-मर्यादेच्या ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. बिल, आराखडा असे सगळे अपलोड होते. लॅटरल किती मीटर, ड्रिपर कितीचा, ओळीत अंतर किती, पीक कोणते, हे सारे सरकारच्या संगणकात जाते. शेड्युलरला नेमके हेच लागते. पण ते पोर्टल नळ्या मोजते, मोका तपासणीला आलेला माणूस नळ्यांबरोबर फोटो काढतो, पैसे खात्यात पडतात आणि फाइल मिटते. संच बसला त्या दिवसापासून तो किती वेळ चालवायचा हे अर्जदाराला कोणी सांगत नाही. सांगतो तो दुकानदार: ‘चालू द्या तीन-चार तास, ओल दिसली पाहिजे.’ सरकार ज्या संचाचे ७५-८० टक्के पैसे भरते त्याचा वापर असा ठरतो.

कोणी म्हणेल, शेतकरी ॲप वापरत नाहीत. हे निम्मेच खरे. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पावसाच्या मोजमापावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली. ग्रामसभेत आकडा वाचला जातो आणि त्यावर कोणते पीक घ्यायचे ते ठरते. ऊस-केळी नाही, शेतीसाठी कूपनलिका नाही. तिथे आकड्याला निर्णयाची जोड होती, म्हणून लोकांनी तो मानला. नुसता आकडा पडद्यावर झळकत राहिला तर तो मॅटिनीच्या जाहिरातीइतकाच.

आणि अशा साधनांची देखभाल? प्रकल्प मुदतीचे असतात. इमारत उभी राहिली की तिला रंगसफेदीची तरतूद होते. वेबवरच्या साधनाला सर्व्हरचे भाडे, नव्या फोनवर चालण्यासाठीची दुरुस्ती, नव्या वाणांचे गुणांक, एवढे दरवर्षी लागते. त्यासाठी कायमचा माणूस आणि कायमचे लेखाशीर्ष नसेल तर उद्‌घाटनाचा फोटोच तेवढा टिकतो. ‘कृषिदर्शनी’ ही पुस्तिका विद्यापीठ दरवर्षी न चुकता काढते, तिच्या खर्चाची चर्चा कोणी करत नाही. शेड्युलर त्याच नेमाने चालला पाहिजे.

करायचे ते फार मोठे नाही. कृषी आयुक्तालयाने महाडीबीटीवर आधीच जमा झालेला प्रत्येक ठिबक संचाचा तपशील, शेतकऱ्याच्या संमतीने, राहुरीच्या हिशेबाला जोडावा. अनुदानाच्या पूर्वसंमतीच्या पत्रावर महिनावार ‘मोटार इतकी मिनिटे’ असा मराठीतला तक्ता छापून द्यावा, आणि दर आठवड्याला मंडळाच्या हवामानावरून त्यातला बदल एसएमएसने कळवावा. स्मार्टफोन नसला तरी चालेल, ॲप उतरवले नाही तरी चालेल. विद्यापीठाकडे सूत्र आहे, कृषी विभागाकडे नळ्यांची मापे आहेत, महावेधकडे हवा आहे. तिघांनी एका टेबलाशी बसावे आणि येत्या रब्बीच्या अर्जांपासून, निदान राहुरी आणि श्रीरामपूर या दोन तालुक्यांत, हे सुरू करावे.