गोगलगाय कोणाची, चाबूक कोणाचा?

दलितांना विनोद कळत नाही. 2012 च्या उन्हाळ्यात या अर्थाचं बोलणं देशभर फिरत होतं. कुणी ते सभ्य भाषेत बोललं, कुणी सरळ तोंडावर. ज्यांना जन्मात कधी कुणी हसलं नाही, ते आम्हाला हसायचं कसं याचे धडे देत होते. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तिच्यावर धूळ बसली. पण उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आरडाओरड झाली, ती उत्तर नव्हे. उत्तर मी देतो.

मी कोण? गोंदियात पाट्या रंगवणारा पेंटर. राईस मिलच्या भिंती, किराणा दुकानांचे बोर्ड, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे आणि चौदा एप्रिलचे कापडी बॅनर यांच्यावर माझा हात तयार झाला. फ्लेक्स आला आणि माझ्या पोटावर पाय पडला, पण रेषेची अक्कल फ्लेक्सला नेता आली नाही. बाबासाहेबांचा चेहरा मी किती वेळा काढला याचा हिशोब नाही. तेव्हा चित्राबद्दल बोलायला मला कुण्या प्राध्यापकाचा दाखला नको.

आधी ते चित्र पाहू. काढणारा शंकर, म्हणजे केशव शंकर पिल्लई. साप्ताहिक त्याचंच, 'शंकर्स वीकली'. तारीख 28 ऑगस्ट 1949. एक गोगलगाय आहे, तिच्यावर 'संविधान' लिहिलंय. तिच्यावर बाबासाहेब बसलेत. मागे नेहरू चाबूक उगारून उभे. पलीकडे बघ्यांची गर्दी. चित्र काय सांगतं? संविधान गोगलगायीच्या चालीनं चाललंय, आणि ती चाल बाबासाहेबांच्या बुडाखाली आहे.

आता माझा पहिला सवाल चित्रकाराला आहे. व्यंगचित्र म्हणजे खऱ्याला थोडं फुगवून दाखवणं. नाक मोठं असेल तर आणखी मोठं काढा, माझी ना नाही. पण नसलेलं नाक काढलं तर ते व्यंगचित्र नव्हे, ती चुगली झाली. संविधान खरंच गोगलगायीच्या चालीनं चाललं होतं का? मसुदा समिती नेमली 29 ऑगस्ट 1947 ला. 1948 च्या फेब्रुवारीत मसुदा तयार. मसुदा समिती बसली 141 दिवस. त्यावर दुरुस्त्या आल्या सुमारे 7,635. त्यांतल्या 2,473 सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेकीला उत्तर द्यायला उभं कोण राहत होतं? सात जणांच्या समितीतला एक जण वारला, एक अमेरिकेत, एक संस्थानाच्या कारभारात गुंतलेला, काही दिल्लीपासून दूर. सगळं ओझं शेवटी आंबेडकरांच्या खांद्यावर पडलं, हे आमचा कुणी कार्यकर्ता सांगत नाही. टी. टी. कृष्णम्माचारींनी 5 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीतच सांगितलं. चित्राच्या नऊ महिने आधी. दिल्लीत बसून पेपर काढणाऱ्याला हे माहीत नव्हतं?

आणि चित्र छापल्यावर 90 दिवसांनी, 26 नोव्हेंबर 1949 ला, संविधान स्वीकारलंसुद्धा. आदल्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी उशिराच्या आरोपाचा हिशोब चुकता केला. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं लागली होती. म्हणजे ज्या माणसानं दिवसरात्र एक करून गाडा ओढला, त्यालाच तुम्ही आळशी जनावरावर बसवलं, वर चाबूकवाला उभा केला.

त्या चाबकाचंही पाहू. 2012 मध्ये शहाणी माणसं म्हणाली, चाबूक गोगलगायीवर आहे, आंबेडकरांवर नाही. त्यांच्याही हातात चाबूक आहे की! बरं. गोगलगायीला कधी कुणी चाबूक मारलाय का हो? आणि मागे पंडितजी उभे, पुढे महाराचा पोर बसलेला, मधे उगारलेला चाबूक. ज्याच्या आज्याच्या पाठीवर पाटलाचा कोरडा उमटलेला आहे, त्याला तो कुठे पडणार हे व्याकरणानं शिकवू नका. नेहरूंनी शंकरला सांगितलं होतं म्हणतात, मलाही सोडू नकोस. मोठ्या मनाची गोष्ट. पण नेहरूंच्या चित्रावर हसून झालं की नेहरू नेहरूच राहतात. आमच्या माणसावरचं हसू मात्र चित्रातून निघून वर्गात येतं, बाकावर आमच्या पोराशेजारी बसतं.

वर्गात ते आलंच. 57 वर्षांनी, 2006 साली, एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात. पुस्तकाचा मजकूर बाबासाहेबांच्या विरुद्ध नव्हता, हे मी मान्य करतो. चित्राखाली मुलांना प्रश्नसुद्धा विचारला होता, घटना समितीला इतका वेळ का लागला? चांगला प्रश्न आहे. पण वेळेचा प्रश्न विचारला, चाबकाचा नाही विचारला. संविधानावर 'आंबेडकर का संथ?' असा धडा शिकायचा आणि 'नेहरूंच्या हातात चाबूक का?' हे शिकायचं नाही, तर अर्धं चित्र कापून ठेवल्यासारखंच झालं.

मग आपण काय केलं? 11 मे 2012 ला संसदेत गोंधळ झाला. मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली, चित्र काढून टाकायचं ठरलं. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या विद्यापीठात पळशीकरांच्या खोलीची मोडतोड झाली. मी सरळ सांगतो, मला ते पटलं नाही. खुर्ची फोडून रेष फुटत नाही. आणि ज्या सरकारांना आमच्या वस्तीवरचा हल्ला दिसत नाही, त्यांना एक चित्र पुसायची एवढी घाई झाली, तेव्हाच आपण ओळखायला हवं होतं. पुसणं स्वस्त असतं. गोंदिया 1999 पर्यंत ज्या भंडारा जिल्ह्यात होतं, त्याच जिल्ह्यात 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजी घडली. ती काही पानातून फाडून टाकता येत नाही.

खरं काम वेगळ्याच माणसानं केलं. उन्नमती श्याम सुंदर, आंध्रातला, स्वतः व्यंगचित्रकार. त्यानं दगड उचलला नाही, ग्रंथालय उचललं. जुन्या इंग्रजी पेपरांच्या फायली उपसून बाबासाहेबांवरची शंभरावर व्यंगचित्रं त्यानं गोळा केली, एकेकाखाली त्या दिवसाचा इतिहास लिहिला. 2019 साली पुस्तक निघालं. पाहा आणि मोजा. भरदार अंगाचा, परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस कुठे बुटका, कुठे बाईच्या वेषात. शेजारी गांधी, नेहरू, पटेल उंच. एकट्या शंकरचा हात तसा वळला असता तर मी म्हणालो असतो, जाऊ द्या, एकाची खोड. पण दहा जणांचे हात एकाच बाजूला वळतात तेव्हा ती खोड नसते. ती जात असते.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही ठेवू. सप्टेंबर 2016. मराठा मूक मोर्च्यांवर 'सामना'त एक व्यंगचित्र आलं. मोर्चेकरी भडकले, 'सामना'च्या नवी मुंबईतल्या कार्यालयावर दगड पडले. आठवड्याभरात पक्षप्रमुखांनी जाहीर माफी मागितली. मागितली ते बरंच केलं. माझा सवाल एवढाच की, तेव्हा 'मराठ्यांना विनोद कळत नाही' असं लिहायची छाती किती संपादकांना झाली? कलेचं स्वातंत्र्य तेव्हा कोणत्या गावाला गेलं होतं? म्हणजे विनोद कळणं-न कळणं हे डोक्यावर ठरत नाही, डोक्यांच्या संख्येवर ठरतं.

विनोद आम्हाला कळत नाही म्हणे. अरे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या रस्त्यावर जो बडग्या निघतो तो काय आहे? महागाईचा बडग्या, लाचखाऊचा बडग्या, पुढाऱ्याचा बडग्या. कागदाचं आणि काटक्यांचं चालतंबोलतं व्यंगचित्रच ते. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत गावच्या शिवेबाहेर नेऊन जाळायचं. आपल्या झाडीपट्टीत खडी गंमतीतला सोंगाड्या पाटलाला भर गावासमोर उघडा पाडतो, आणि पाटील पुढे बसून पान खात ऐकतो. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांत हसू होतंच, ते हसू भटजीच्या पोथीवर होतं. आम्ही हसणारीच माणसं आहोत. हसल्याशिवाय हे जगणं कुणी काढलं असतं?

माझीच गोष्ट सांगतो. मी एकदा एक चित्र काढलं. बिडीवाली बाई मांडीवर सूप घेऊन बसली आहे. समोर मुंशी तिच्या बिड्या तपासतो. त्याच्या डोळ्यांवर चष्मा आहे, पण तो चष्मा म्हणजे पत्ता कापायची कैची. कैचीच्या दोन मुठी म्हणजे दोन भिंगं, पाती नाकावरून खाली आलेली. खाली एकच शब्द, 'छाट'. बिडीच्या धंद्यातला माणूस लगेच समजेल. मुंशी चांगल्या बिड्यासुद्धा छाट म्हणून काढतो, त्यांचे पैसे देत नाही आणि छाट मात्र ठेवून घेतो. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया ते पाहून पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "हा तं आपलाच मुन्सी होय न वं माय!" तेच चित्र मी एका दैनिकाला पाठवलं. तिथल्या साहेबांनी परत केलं. म्हणाले, विषय गंभीर आहे, यात हसण्यासारखं काय?

पाहा आता. विनोद कुणाला कळला नाही?

मराठी पेपरात आणि इंग्रजी पेपरात हसायचं कुणी आणि कुणाच्या घरातलं, हे आधीच ठरलेलं आहे. आर. के. लक्ष्मणचा 'कॉमन मॅन' पन्नासच्या दशकापासून टाइम्समध्ये उभा राहिला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, तोंडातून शब्द नाही. रेषेला मी हात जोडतो, असा हात शतकात एखादा. पण तो 'कॉमन' आहे, तर फळीवर तेंदूचे पुडके मोजून देणारा आमचा बाप कोण? 1991 मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला. गोड पोरगा. शेजारी जोशीकाकू. मीही हसलो. पण तेंदूच्या हंगामात पहाटे आईबरोबर जंगलात जाणारं पोर त्या चौकटीत कधी खेळायला आलं? त्यांच्यावर राग नाही. ज्यानं जे घर पाहिलं ते त्यानं काढलं. आपलं घर काढायला आपण कुणाची वाट पाहतोय?

इथून पुढचं बोलणं आपल्याच माणसांशी आहे, आणि ते कडू लागेल. आपण बाबासाहेबांना निळ्या कोटात बसवलं, बोट वर केलं, चौकट ठोकली, हार घातला. झालं. मीच रंगवले आहेत, मला दर ठाऊक आहे. त्या चौकटीतला माणूस हसत नाही, चिडत नाही, थकत नाही. 1954 साली याच भंडारा मतदारसंघातून ते लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. संविधानाच्या शिल्पकाराला संविधानानं दिलेल्या मतानंच पाडलं! यापेक्षा जळजळीत व्यंगचित्र या देशात दुसरं कोणतं? विषय आपल्या दारात पडलेला आहे आणि आपण पुतळ्याच्या रंगावरून समितीत भांडतोय.

चौकट मोडता येते. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर ओलांडलं की मंडला. त्या मुलखातले परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचं आयुष्य चित्रांत काढलं, 'भीमायन'. 2011 साली आलं. त्यांनी आधीच सांगून टाकलं, माणसांना खोक्यांत कोंडणार नाही, त्यांचा जीव गुदमरतो. भिंतीवरच्या दिग्न्याच्या वळणानं पानं वाहती केली. गोड बोलणाऱ्याच्या शब्दांना पाखराचा आकार दिला, विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी लावली. कोणत्या कलाशाळेत हे शिकवतात? आपल्या जिल्ह्याच्या नावात गोंड आहे, कचारगडला दरवर्षी लाखो लोक येतात. ही रेष आपल्या शेजारची आहे आणि आपण उसनी रेष शोधत हिंडतो.

आणखी एक. 1972 साली आपण अमेरिकेतल्या काळ्या माणसांकडून 'पँथर' हे नाव घेतलं. त्यांच्या पेपरात एमरी डग्लस नावाचा चित्रकार होता. जुलमी पोलिसाला तो डुक्कर काढायचा, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही पेपर समजायचा. आपण नाव आणलं, ब्रश तिथंच ठेवून आलो. आपल्या अनियतकालिकांत कविता मण मण, चित्र मात्र तोळाभर. पूर्वी रेष छापायला जस्ताचा ब्लॉक लागे, ब्लॉकला पैसा लागे, म्हणून आपल्या पेपरांत अक्षरंच जास्त, हे समजू शकतो. पण सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकानं रेष फुकट ओढता येत होती. आज तर मोबाईलवर बोटानं येते. आता सबब कोणती?

माझं म्हणणं एवढंच. चित्र बंद करा असं मागू नका. बंदीची चटक सरकारला लागली की पहिली बंदी तुमच्याच तोंडावर येईल. चित्राला चित्रानं उत्तर द्या. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा, त्या पैशात पोरांना कागद आणि काळी शाई आणून द्या. विहाराच्या भिंतीवर एक फळा राखून ठेवा, दर रविवारी त्यावर नवं व्यंगचित्र. सरपंचाचं काढा, मुंशीचं काढा, आमदाराचं काढा. आपल्याच समितीचा जो अध्यक्ष हाराशिवाय स्टेजवर चढत नाही, त्याचंही काढा. त्याला राग आला तर समजा, रेष बरोबर बसली.

शंकरच्या चित्रावरचं आपलं उत्तर अजून कोरं आहे. गोगलगाय काढायची तर ही जातीची गोगलगाय काढा. ती अडीच हजार वर्षं एका जागी बसून आहे, तरी तिच्यामागे चाबूक घेऊन कुणी उभा नाही. कागद घ्या. पेन्सिल टोकदार करा.