दोनला सुटतं, साडेसातला पोचतं

'किती लांब आहे?' असं कुणी विचारलं की आम्ही एसटीवाले किलोमीटर सांगत नाही, तास सांगतो. वाई-पाचगणी अंतर चढताना तेवढंच, उतरताना तेवढंच. पण पसरणी घाट चढणाऱ्या गाडीला मिनिटं जास्त द्यावी लागतात. वाहतूक नियंत्रक म्हणून जन्मभर हेच केलं. त्यामुळे डिसेंबरात मुलीकडे न्यू जर्सीला जायचं तिकीट एजंटाने हातात दिलं, तेव्हा मी आधी धावण्याचा वेळ शोधला. तो होता तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. ठळक काय, तर मुंबईहून सुटणार रात्री २ वाजता, नेवार्कला पोचणार सकाळी ७.३० ला. तारीख एकच.

हिने तेवढंच वाचलं आणि रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या. "सकाळी आठची गोळी ना, पोचल्यावर घेईन की!"

साडेपाच तास नव्हे, सोळा. तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे. आपल्याकडे सकाळचे आठ वाजले तेव्हा आम्ही सहा तास उडत होतो, दहा बाकी होते आणि गोळ्या विमानाच्या पोटात. ही समोरच्या पडद्यावरच्या इवल्याशा विमानाकडे बघत बसली. ते काही केल्या हलेना. मी कागद वाचला होता, पण बॅग कुणी कशी भरली ते पाहिलं नव्हतं. त्याबद्दल हिचं बोलणं मी अजून ऐकतो.

नातवाकडे पृथ्वीचा गोल आहे. त्यावर मुंबईपासून नेवार्कशेजारच्या न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो अरबस्तान-आफ्रिकेकडे जातच नाही. पाकिस्तान, रशिया, फिनलंडवरून थेट आइसलंड, ग्रीनलंड गाठतो. हे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर. आमच्या सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजलं तर दोन हजारांवर टप्पे! पण विमान दोऱ्यावरून थोडंच जातं? एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा अनेक विमानांना वळसे पडले. दरड कोसळली की आम्ही गाड्या दुसऱ्या रस्त्याने काढायचो, तसंच. शिवाय वरचा घाट वेगळा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना ते अंगावर, येताना पाठीशी. म्हणून येताना चौदाच तास.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की तिकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत प्रवासाचे तास छापा. दोन गावांची दोन घड्याळं त्याखाली. या मार्गावर निम्मे प्रवासी आमच्या वयाचे दिसतात. कुणाचं इन्सुलिन, कुणाचे गुडघे, कुणाचं पथ्य. त्यांना पोचायची वेळ नंतर कळली तरी चालेल. साताऱ्याच्या उंबऱ्यापासून मुलीच्या दारापर्यंत आम्हाला एकोणतीस तास लागले, ते तर कुठेच लिहिलेलं नसतं.

परतीच्या कागदावर मी लाल पेनाने मोठा १४ काढला आणि त्याला गोल केला. मुलगी हसली. हिने मात्र तो कागद पर्समध्ये ठेवला, गोळ्यांच्या पाकिटाला रबर लावून.