यंत्राने खोली सुधारते काय?

गायनाची आवड असलेल्या सुशिक्षित घरांत हल्ली एक नवा शब्द वरचेवर कानी पडतो. तो म्हणजे ‘रूम करेक्शन’, अर्थात खोलीची दुरुस्ती. दुरुस्ती म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे गवंडी, सुतार आणि थापी उभी राहते. परंतु ह्या नव्या दुरुस्तीस ह्यांपैकी काहीच लागत नाही. एक चपटी पेटी विकत आणावयाची, तिच्यासोबत आलेला बोटाएवढा मायक्रोफोन खोलीत उभा करावयाचा आणि मोबाइलवर एक कळ दाबावयाची. घटकाभरात खोलीचे सारे ध्वनिदोष नाहीसे होतात, असे विक्रेते सांगतात, आणि त्यांचे ऐकून आमचे मित्रही तसेच सांगू लागले आहेत. खोली कशीही असो, तिची चिंता करण्याचे आता कारण उरले नाही, असा ह्या मताचा इत्यर्थ. हे मत आम्हांस मान्य नाही. ते नुसते अपुरे नसून दिशाभूल करणारे आहे, असे आम्ही समजतो. आणि ती पेटी मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत स्वतःच्या घरी वापरून पाहिल्यानंतरच आम्ही हे लिहीत आहोत.

आम्ही यंत्रांचे वैरी नव्हे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. पूर्वी रेडिओ, सीडी वाजविण्याचे यंत्र, आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारे उपकरण आणि अॅम्प्लिफायर अशा चार-पाच पेट्या आणि त्यांच्यामागे तारांचे जंजाळ असे. आता हे सर्व एकाच पेटीत मावते. तीतील अॅम्प्लिफायर जुन्या पद्धतीने चालत नाही. विजेची दर सेकंदास काही लक्ष वेळा उघडझाप होते, आणि प्रत्येक वेळी दार किती काळ उघडे राहिले ह्यावरून ध्वनीचा चढउतार ठरतो. दार एक तर पूर्ण उघडे, नाही तर पूर्ण बंद. त्यामुळे शक्ती उष्णतेच्या रूपाने फारशी वाया जात नाही. जुन्या अॅम्प्लिफायरवर दुधाचे भांडे कोमट होईल असे आम्ही थट्टेने म्हणत असू. सोलापूर जिल्ह्यातील वैशाखात ही नवी पेटी थंड राहते, हा गुण लहान नाही. आमची तक्रार ह्या कारागिरीविषयी नसून तिच्या नावाने केल्या जाणाऱ्या दाव्याविषयी आहे.

आमचे घर माढ्यास आहे. रावरंभा निंबाळकरांचा किल्ला आणि माढेश्वरीचे देऊळ ह्यांमुळे जे गाव ओळखले जाते, तेच हे माढे. जुने घर माळवदाचे होते. त्याच्या भिंतींत कोनाडे होते, वर लाकडी तुळया होत्या, खुंट्यांवर घोंगड्या होत्या आणि एका अंगास ज्वारीच्या पोत्यांची थप्पी असे. ते पाडून आम्ही स्लॅबचे घर बांधले. बैठकीची खोली सोळा फूट लांब, बारा फूट रुंद व दहा फूट उंच झाली. भिंती गुळगुळीत, खाली चकचकीत फरशी. पाहणाऱ्याने वाखाणावी अशी. मात्र तीत कोणी टाळी वाजविली तर ती टाळी खोली सोडून जावयास तयार होत नसे.

आमचे तीर्थरूप अण्णा ह्यांनी भजनी मंडळात तीस वर्षे तबला वाजविला. बोटे थकल्यापासून ऐकणे एवढाच त्यांचा विसावा आहे. ह्या खोलीत त्यांस गाण्याचे शब्द कळेनात, म्हणून आमच्या पुतण्याने लाखाहून अधिक रुपये खर्चून पुण्याहून ही पेटी आणली. मापन करिताना घरात शांतता हवी. पंखे बंद, स्वयंपाकघरातील कुकर बंद, मुले अंगणात. तरी दोनदा आरतीच्या घंटेने आणि एकदा वीज गेल्याने काम मोडले. अखेर रात्री अकरा वाजता ते पार पडले. मायक्रोफोन पुतण्याच्या खुर्चीवर, म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यावर, ठेवला होता. नंतर त्याने ध्वनिमुद्रिका लावली आणि प्रसन्न होऊन मान डोलविली. त्या खुर्चीवर बसून आम्हीही ऐकले. पूर्वी खर्जात होणारी गुंग खरोखरच पुष्कळ उतरली होती. हे श्रेय यंत्रास दिलेच पाहिजे.

परंतु अण्णांची आरामखुर्ची मागील भिंतीपासून चार फुटांवर असते. ते थोडा वेळ ऐकून म्हणाले, “उजवा हात तेवढा ऐकू येतो. तबलजीचा डावा हात कोणी बांधून ठेवला?”

ह्या एका प्रश्नात सर्व वाद सामावलेला आहे. ध्वनी सेकंदास सुमारे ११३० फूट जातो. सोळा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये दर सेकंदास सुमारे ७० कंपनांचा सूर अडकून उभा राहतो. तो दोन्ही भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर, म्हणजे आठ फुटांवर, फुगतो. आणि चार फुटांवर व बारा फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ कंपनांवर लागते, आणि डग्ग्याची घुमक तळव्याच्या दाबाप्रमाणे ह्याच्याच आसपास वरखाली सरकते. पुतण्या फुगवट्यात बसला होता. म्हणून यंत्राने तो सूर कापला. अण्णा खड्ड्यात बसले होते. त्यांच्याकडे आधीच जे थोडे पोचत होते तेही गेले. मग आम्ही मापन अण्णांच्या खुर्चीवर करून पाहिले. आता यंत्राने तोच सूर वाढविला. खड्डा काही भरला नाही. मात्र मागील भिंतीला टेकून बसलेल्या मुलांस डग्गा ढोलासारखा ऐकू येऊ लागला आणि फळीवरील भांडी वाजू लागली. दहा डेसिबेलची वाढ हवी असेल तर अॅम्प्लिफायरला दसपट शक्ती ओतावी लागते, आणि ती ओतूनही खड्डा खड्डाच राहतो. एकाची दुरुस्ती ती दुसऱ्याची नादुरुस्ती, असा हा व्यवहार आहे.

ह्यावर प्रतिपक्षाचे उत्तर असे की, चांगली यंत्रे एकाच जागी न मोजता अनेक जागी मोजतात व त्यांचा मेळ घालतात. शिवाय शहाणे यंत्र असा खड्डा भरण्याचा हट्टही धरीत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पंक्तीत एकाच्या ताटात दोन भाकऱ्या जास्त आणि दुसऱ्याच्या ताटात दोन कमी वाढून, सरासरीने दोघांचेही जेवण यथास्थित झाले असे म्हणणाऱ्या वाढप्यास आपण काय म्हणू? स्पीकरमधून निघणारा ध्वनी एकच आहे. तो प्रत्येक खुर्चीसाठी निराळा करता येत नाही. विषमता खोलीत आहे, आणि यंत्राचा हात खोलीपर्यंत पोचत नाही. ते केवळ खोलीत जे सोडावयाचे त्यात फेरफार करते. नाव मात्र खोलीच्या दुरुस्तीचे!

दुसरी गोष्ट ऋतूची. उष्ण हवेत ध्वनी अधिक वेगाने धावतो. मे महिन्यात चाळीस अंशांवर आमच्या खोलीचा तो हट्टी सूर ७३ कंपनांच्या जवळ होता. डिसेंबरच्या रात्री चौदा अंशांवर तो ७० च्या खाली उतरतो. रिकाम्या, टणक खोलीत हा फुगवटा अवघा दोन-तीन कंपनांच्या रुंदीचा असतो. म्हणजे उन्हाळ्यात नेमलेला पहारेकरी हिवाळ्यात भलत्याच दारावर उभा राहतो. जेथे हवामान वर्षभर सारखे राखतात तेथे हा दोष कदाचित कोणास जाणवणार नाही. आमच्याकडे तो जाणवला.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शब्दांची. अण्णांची मूळ तक्रार शब्द कळत नाहीत ही होती. शब्द कळतात ते व्यंजनांवरून, आणि व्यंजने वरच्या पट्टीत असतात. तेथे प्रतिध्वनींची गर्दी इतकी दाट असते की चार बोटे डोके हलविले तरी मापन बदलते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळात व पुढे अमेरिकेत ज्यांनी ह्या विषयास उभा जन्म दिला, त्या फ्लॉइड टूल ह्यांचे प्रतिपादन असे की, माणसाचे दोन कान आणि मेंदू स्पीकरचा ध्वनी व खोलीचा ध्वनी निरनिराळा ओळखतात, मायक्रोफोनला ते साधत नाही. म्हणून दोन-तीनशे कंपनांच्या वर, खुर्चीवरील मापनाच्या आधाराने चांगल्या स्पीकरचा आवाज फिरविणे भरवशाचे नाही. आणि जो ध्वनी एकदा बाहेर पडून भिंतीवर आपटला, त्याचे घुमणे कोणतेही गणित परत घेऊ शकत नाही.

मग उपाय काय? तो सव्वाशे वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नवे बांधलेले एक व्याख्यानगृह असे घुमत असे की वक्त्याचा एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे. ते सुधारण्याचे काम वॉलेस सबाइन ह्या तरुण प्राध्यापकाकडे आले. त्याने रात्री शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या वाहून आणल्या, त्या मांडून घुमण्याचा काळ मोजला, आणि उजाडण्यापूर्वी परत नेऊन ठेवल्या. ह्या खटाटोपातून जे शास्त्र निघाले, त्याच्या आधारे १९०० साली बोस्टनचे सिंफनी हॉल उभे राहिले. जगातील उत्तम सभागृहांत त्याची आजही गणना होते. ध्वनिशोषण मोजण्याचे सबाइनचे माप उघडी खिडकी हे होते, कारण उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही. ह्याच मापाने आम्ही आमची खोली मोजली. गिलावा व फरशी शंभरांपैकी दोन-तीन भागच ध्वनी गिळतात. तेव्हा आमच्या सर्व भिंती, छत आणि जमीन मिळून जेमतेम वीस-पंचवीस चौरस फूट उघड्या खिडकीइतके काम करीत होती. चार फूट बाय तीन फुटांची एकच खिडकी उघडली की त्यात निम्म्याची भर पडते!

हा हिशेब हाती येताच आम्ही पेटी बंद केली आणि जाड सतरंजी पसरली. भिंतीपासून चार बोटे सुट्या, चुण्या घालून सोलापुरी चादरी लावल्या. दोन कोपऱ्यांत खालच्या सुरांसाठी कापसाच्या गाद्यांच्या उंच थप्प्या रचल्या, आणि आतील खोलीतले पुस्तकांचे उघडे कपाट मागील भिंतीशी आणले. घरातील मंडळींनी धुळीचा आक्षेप घेतला, तो रास्त आहे. चादरी महिन्यातून एकदा धुवाव्या लागतात. खुर्च्या मात्र फुकट हलल्या. पुतण्याची आठ फुटांवरून दहावर आली, अण्णांची बारावरून चौदावर गेली. गणिताने ह्या दोन्ही जागी तो सत्तर कंपनांचा सूर सारखाच पोचतो. लाखाच्या पेटीस जे साधले नव्हते ते दोन फुटांनी साधले. त्यानंतर पुन्हा मापन केले, तेव्हा यंत्रास पूर्वीच्या मानाने फारच थोडा फेरफार करावा लागला, आणि तेवढा त्याने उत्तम केला. फुगवटा आता रुंद व बसका झाल्यामुळे ऋतू बदलला तरी विशेष बिघडत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे यंत्र घेऊ नका असे नव्हे. ते शेवटी घ्या, आणि खोलीच्या ऐवजी घेऊ नका. घर बांधताना आपण दगड, फरशी, रंग ह्यांची चर्चा महिनोन्महिने करितो. ह्या खोलीत आईवडिलांस आपले बोलणे कळेल काय, हा प्रश्न बांधणारा विचारीत नाही आणि बांधविणाराही विचारीत नाही. त्या हलगर्जीपणावर विकत मिळणारे प्रायश्चित्त म्हणून ही पेटी पुढे केली जाते, आणि तिच्या जाहिरातीत नेहमी एकच खुर्ची व तीत बसलेला एकच श्रोता असतो. आमच्याकडे गाणे असे ऐकत नाहीत. म्हातारी माणसे भिंतीजवळ, मुले जमिनीवर, बायका दारात उभ्या, अशी ती बैठक असते. आणि दुरुस्ती करावयाची तर ती त्या सर्वांसाठी झाली पाहिजे.

दुकानदार बंधूंस आमची विनंती एवढीच की, पेटी दाखविण्यापूर्वी गिऱ्हाइकास त्याच्या खोलीची लांबी-रुंदी आणि तीत किती जण बसतात हे विचारावे. आणि वाचकांस विनंती ही की, पैसे मोजण्यापूर्वी आपल्या बैठकीच्या मध्यभागी उभे राहून एकदा टाळी वाजवावी. ती रेंगाळली तर आधी सतरंजी आणावी. आमच्या घरी अण्णा आता संध्याकाळी डोळे मिटून ऐकत बसतात आणि आरामखुर्चीच्या हातावर त्यांचा डावा तळवा ठेका धरीत असतो.