चौथा गडी

मेंढीकोटाला चार गडी लागतात. पाचवा असला तर तो मागे बसून दुसऱ्याची पाने बघतो आणि न विचारता सल्ले देतो. पूर्वी घरोघरी या पाचव्याचाच उपद्रव फार असे. आता चौथाच मिळत नाही.

मागल्या सुट्टीत मी, सौ. आणि आमची कन्या नागझिऱ्याचे जंगल पाहायला चोरखमाऱ्याला गेलो होतो. सूर्यास्ताला जंगलाचे फाटक बंद होते, मग रात्र फार मोठी वाटते. सौ.ने पिशवीतून पत्ते काढले, पण चौथा कोण? ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या आजी तांदूळ निवडत होत्या. "हुकूम बंद ठेवता की कापून?" एवढेच विचारून त्यांनी सूप बाजूला सारले.

कन्या त्यांची भिडू. डाव संपताच आजी म्हणाल्या, "इस्पिकचा गुलामापर्यंत सारा माल निघून गेला होता पोरी, मंग दश्शी दाबून काहून बसली?" कन्येला गणितात पैकीच्या पैकी मार्क पडतात, पण कोणती पाने गेली हे ध्यानात ठेवायचे असते, हे तिला त्या रात्री कळले. मोबाइलवर ती रोज पत्ते खेळते. तिथला हिशेब यंत्र ठेवते, आणि चुकले तर रागवायला समोर कोणी नसते. दुसऱ्या डावात दोघींनी आमच्यावर कोट चढवला!

या स्मरणाचा खरा कस लागतो तो गंजिफात. हा खेळ जुना. १५२७ साली बाबराने सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. आपल्याकडे त्यावर दशावतार आले. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, अशी एकशेवीस गोल पाने. राजा आणि प्रधान सगळीकडे वरचढ. पण त्याखाली निम्म्या अवतारांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का! जुन्या पानांवर आकडाही नसे. मासे किंवा परशू मोजून घ्यायचे. हुकूम नाही, म्हणून आठवणीवाचून गत्यंतर नाही.

सावंतवाडीला ही कला मरणपंथाला लागली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात चिताऱ्यांना राजवाड्यात बसवून ती पुन्हा उभी केली. २०२४ मध्ये या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले. उत्तमच झाले, पण मी ज्या ज्या घरांत गंजिफा पाहिल्या, तिथे त्या काचेआड भिंतीवर होत्या. चित्र वाचले, डाव कोण मांडणार?

म्हणून यंदा कोणी त्या भेट दिल्याच, तर खिळा ठोकण्याची घाई करू नका. गंजिफाला तिघेही पुरतात, प्रत्येकी चाळीस पाने. पाडव्याला द्यूताची परवानगी असली तरी चिंचोकेच लावा. दिवसा बसलात तर उतारी रामाची. रात्री बसलात तर कृष्णाची.